दीर्घकाळची उदासी आणि गोळ्या: फरक पडतो का?

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कंपनीत कंत्राटावर राबणारा, नाहीतर स्पर्धा परीक्षेचे चौथे वर्ष काढणारा तरुण. कामावर जातो, जयंतीच्या मिरवणुकीतही दिसतो, पण कित्येक वर्षांत त्याला कशातच गोडी वाटलेली नाही. घरचे म्हणतात, स्वभावच तसा. उदासी दोन वर्षांहून अधिक काळ बहुतेक दिवस टिकली आणि सोबत थकवा, झोपेची वा भुकेची तक्रार, स्वतःविषयी कमीपणा असेल, तर तो डिस्थायमिया हा आजार असू शकतो.

औषधांचा उपयोग होतो, पण सगळ्यांना नाही. डिस्थायमियावरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2005 च्या कॉक्रेन आढाव्यात औषधे बनावट गोळीपेक्षा सरस ठरली. साधारण चार-पाच जणांना औषध दिले, तर एक जण केवळ औषधामुळे सुधारतो. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेली गोव्यातली चाचणी आपल्याला जवळची. बाह्यरुग्ण विभागातल्या नैराश्य-चिंतेच्या 450 रुग्णांत फ्लुओक्सेटिनने दोन महिन्यांत फरक दिसला. वर्षाअखेर तो उरला नाही. म्हणून गोळीसोबत समुपदेशन आणि डॉक्टरांची नियमित भेट हवीच.

गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, झोपेत बदल, लैंगिक इच्छा कमी होणे असे त्रास होऊ शकतात. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, त्यामुळे घरच्यांनी लक्ष ठेवावे. गोळ्या अचानक बंद करू नयेत. आधी थायरॉइड आणि रक्तक्षय तपासून घ्यावा. त्यांनीही असाच थकवा येतो.

'आपण बुद्धाची माणसं, विपश्यना करू, गोळ्या कशाला' असे आपले कार्यकर्तेच म्हणतात. भिक्खूच्या चार गरजांत चीवर, भोजन, निवास यांच्याबरोबर औषधही आहे, आणि महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. गंभीर मानसिक विकार असलेल्यांनी दहा दिवसांचे शिबिर करू नये, अशी सूचना विपश्यना केंद्रेच देतात.

शिरूर-दौंडच्या लोकांनी आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. मानसोपचारतज्ज्ञ पुण्यात ससून, औंधचे जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय इथे भेटतात. प्रवासाचा खर्च परवडत नसेल, तर टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते.