चित्राखालची पाटी

चित्र पाहताना आपण आधी चित्राकडे पाहतो की त्याखालच्या पाटीकडे? प्रश्न जुनाच आहे. इ. स. १५७३ मध्ये पाओलो वेरोनेसे या चित्रकाराला व्हेनिसच्या धर्मन्यायासनापुढे उभे राहावे लागले. तेथील एका डॉमिनिकन मठाच्या भोजनगृहासाठी त्याने प्रभूचे शेवटचे भोजन रंगविले होते. त्यात विदूषक, जर्मन शिपाई आणि कुत्राही होता. तीन महिन्यांत स्वखर्चाने चित्र सुधारावे, असा आदेश झाला. वेरोनेसेने चित्राचे नाव बदलून ‘लेवीच्या घरची मेजवानी’ असे ठेवले. पाटी बदलली, वाद मिटला.

आज संगणकावरील चित्रदालनांत तोच प्रश्न पुन्हा उभा आहे. २०२२ साली मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन ही साधने सर्वांच्या हाती आली. शब्द लिहावेत, चित्र मिळावे! स्टेबल डिफ्यूजन शिकले तेही पाट्यांवरूनच. लायन-५बी या संग्रहात सुमारे ५८५ कोटी चित्रांच्या नोंदी, त्यांच्या मजकुरासह होत्या. त्यांतून देखणी चित्रे निवडण्यासाठी, माणसांनी दिलेले गुण शिकवून एका यंत्रालाच परीक्षक नेमण्यात आले. पुढे चित्र मागणारेही आज्ञेतच ‘उत्कृष्ट कलाकृती’ असे लिहू लागले. काळाने द्यावयाची पदवी कृतीच्या आधीच मागितली जाऊ लागली.

परंतु देखणेपणाचा गुण वेगळा आणि उगमाची नोंद वेगळी. २०२२ मध्येच अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत जेसन ॲलन यांच्या चित्राला डिजिटल कलेचे पहिले पारितोषिक मिळाले. प्रवेशिकेवर मिडजर्नीचे नाव होते. परीक्षकांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. पुढील वर्षी बोरिस एल्डागसेन यांनी सोनी जागतिक छायाचित्र स्पर्धेतील सन्मान नाकारला. आपली प्रतिमा यंत्रनिर्मित आहे, हे त्यांनीच जाहीर केले.

मार्च २०२३ मध्ये पांढऱ्या फुगीर कोटातील पोप फ्रान्सिस यांचे चित्र जगभर फिरले. यंत्रचित्रांच्या दालनात ते यंत्रचित्र म्हणूनच मांडले होते. दालनाबाहेर पडताना पाटी गळाली आणि असंख्य लोकांनी ते छायाचित्र मानले. २०२४ च्या संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात, आपणही अशा बनावट प्रतिमांचा विषय झालो, असे पोप महोदयांनी नमूद केले.

वेरोनेसेची पाटी बदलली, तरी चित्र कोणाचे हे कोणापासून लपले नव्हते. आज लपते ते नेमके तेच. चित्र सुंदर की सामान्य, यावर आम्ही खुशाल वाद घालू. गुण कमीअधिक होतील. उगम सांगणे मात्र रसिकतेचा विषय नाही. ती साक्ष आहे, आणि साक्षीला आठवी आज्ञा लागू आहे.