पॅरिसची चव-परीक्षा, १९७६

अमेरिकेत जोडून सुट्ट्या आल्या की कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात गाड्यांची रीघ लागते. लोक एका वायनरीतून दुसरीत जातात, घोट घोट चव घेतात आणि कोणती वाइन अधिक नजाकतदार यावर वाद घालतात. १९७०च्या सुमारास हा शब्द तिथल्या वाइनला कोणी लावला असता, तर युरोपात त्याला हसले असते. नजाकत ही फ्रान्सची मक्तेदारी समजली जाई.

या समजुतीला आधार नव्हता असे नाही. १९२० ते १९३३ या मद्यबंदीच्या काळात कॅलिफोर्नियातल्या बहुतेक वायनरी बंद पडल्या. बंदी उठल्यावरही बराच काळ तिथे स्वस्त, गोड वाइनच जास्त बनत असे. पण दरम्यान डेव्हिस येथील विद्यापीठात वेगळेच काम चालू होते. अॅमेरिन आणि विंकलर या संशोधकांनी हंगामातल्या तापमानाची बेरीज करून राज्याचे पाच विभाग पाडले आणि कोणते द्राक्ष कुठे लावावे ते सांगितले. पुढे तापमान नियंत्रित करता येणाऱ्या स्टीलच्या टाक्या आल्या. (आमच्या विद्यार्थ्यांना हा भाग नेहमी आवडतो.)

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमधील ब्रिटिश वाइन-विक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी एक चाचणी ठेवली. निमित्त होते अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे. कॅलिफोर्नियाच्या बाटल्या एका पर्यटक चमूच्या सामानातून आल्या होत्या. नऊ फ्रेंच परीक्षक, प्रत्येक वाइनला २० पैकी गुण, लेबले लपवलेली. पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही फेऱ्यांत सहा वाइन कॅलिफोर्नियाच्या आणि चार फ्रान्सच्या होत्या. निकाल काय लागणार हे माहीतच आहे, असे समजून पत्रकार फिरकले नाहीत. आले ते फक्त 'टाइम' साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर.

पांढऱ्यांत पहिली आली शातो मॉन्टेलेना १९७३. ती बनवणारे माइक गर्गिच मूळचे क्रोएशियाचे. लालमध्ये स्टॅग्ज लीप १९७३ने मूतों-रोथशिल्ड १९७०ला मागे टाकले. तिचे निर्माते वॉरन विनियार्स्की पूर्वी शिकागो विद्यापीठात शिकवत असत. एका परीक्षकाने तर नापाची वाइन चाखून आपण फ्रान्समध्ये परतलो, अशा अर्थाचे उद्गार काढले. एका परीक्षक बाईंनी निकाल कळल्यावर आपली गुणपत्रिका परत मागितली. ती मिळाली नाही.

येथे थांबून आकडे पाहावेत. लालमध्ये पहिलीला १८० पैकी १२७.५, दुसरीला १२६. प्रयोगशाळेच्या वहीत एवढ्या फरकावर मी विद्यार्थ्याला निष्कर्ष काढू देणार नाही. शिवाय साधी सरासरी काढली की हात सैल सोडून गुण देणाऱ्याचे वजन वाढते. काही परीक्षकांनी नावडत्या वाइनला २० पैकी २ इतके कमी गुण दिले होते. त्याहून मोठी चूक म्हणजे पांढऱ्यांचा निकाल लाल वाइनची फेरी सुरू होण्याआधीच जाहीर केला गेला. मग परीक्षक लाल वाइन चाखत होते की त्यातल्या अमेरिकी वाइन हुडकत होते? १९९९मध्ये अॅशेनफेल्टर आणि क्वांट या अर्थशास्त्रज्ञांनी हे गुण पुन्हा तपासले ते याच कारणाने.

म्हणून 'कॅलिफोर्नियाने फ्रान्सला हरवले' हे विधान मला कच्चे वाटते. पक्के आहे ते एवढेच की लेबल झाकल्यावर फ्रान्समधल्या जाणकारांनाही दोन्ही देशांच्या वाइन खात्रीने वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. नजाकत फक्त एकाच देशाच्या मातीत असते, हा दावा टिकायला तेवढे अडचणीचे होते.

फ्रान्सच्या बाजूने एक युक्तिवाद उरला होता: आमच्या लाल वाइन मुरायला वेळ घेतात, तीस वर्षांनी बघा. २४ मे २००६ रोजी नापा आणि लंडन येथे त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या निघाल्या. पहिली आली रिज मॉन्टे बेलो १९७१, जी पॅरिसमध्ये पाचवी होती.