हिवाळ्यानंतर ब्रेक कॅलिपरची तपासणी

अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्य-पश्चिम भागात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर जे मीठ टाकतात, ते गाडीच्या तळाशी जाऊन बसते. डिस्क ब्रेकमध्ये त्याचा त्रास होतो तो मुख्यतः कॅलिपरच्या स्लाइड पिनांना.

बहुतेक गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड दाबतो. पिना गंजून अडकल्या की बहुधा आतला पॅड भराभर झिजतो. चाकाच्या फटीतून मात्र बाहेरचा जाड पॅडच दिसतो आणि आपण निर्धास्त राहतो! म्हणून वर्षातून एकदा चाक काढून दोन्ही पॅड पाहावेत. गाडी एका बाजूला ओढत असेल, एकच चाक फार तापत असेल किंवा जळका वास येत असेल, तर लगेच पाहावेत.

पुढच्या चाकांसाठी क्रम असा:

१. गाडी सपाट, टणक जागी उभी करून हँडब्रेक लावा. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा. जॅकने उचलल्यावर गाडी जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर विसंबू नका.

२. ब्रेकची धूळ फुंकू नका. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ब्रेक क्लीनर वापरा.

३. सोडवलेला कॅलिपर तारेने बांधून ठेवा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. या वेळी कोणीही ब्रेक दाबू नये.

४. नवा पॅड साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाड असतो. 3 मिलिमीटर उरला की डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड बदला. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते.

५. पिना हाताने सहज सरकल्या पाहिजेत. पुसून त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगते. पिनेला खड्डे पडले असतील तर ती बदला.

६. नवे पॅड बसवताना पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू मागे ढकला. ब्रेक ऑइल वर येऊन सांडत नाही ना, ते पाहा.

७. बोल्ट मॅन्युअलमधील मापानुसार टॉर्क रेंचने आवळा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरल्यास पहिला ब्रेक लागतच नाही! मग मोकळ्या जागी सावकाश चालवून पाहा.

मागच्या अनेक कॅलिपरांत पिस्टन फिरवून आत घालावा लागतो आणि हँडब्रेक सोडावा लागतो, तेव्हा ठोकळे पुढच्या चाकांना लावा. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असल्यास आधी मॅन्युअलप्रमाणे तो सर्व्हिस मोडमध्ये घाला.

पिस्टनजवळ ऑइल गळत असेल, नळीला भेगा असतील किंवा पेडल मऊ राहत असेल, तर गाडी चालवू नका. टो करून मेकॅनिककडे न्या. टोचा खर्च अपघातापेक्षा नक्कीच स्वस्त!