तारण नसलेल्यांचे कर्ज

महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या कर्जाचा इतिहास बहुधा सुपे गावापासून सांगितला जातो. मे १८७५ मध्ये तेथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्या उठावात ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. हा इतिहास खरा आहे. पण तो शेत गहाण टाकू शकणाऱ्यांचा आहे. ज्यांच्याजवळ गहाण टाकायला शेतच नव्हते, त्यांनी आपले श्रम गहाण टाकले. ते सालगडी झाले. त्यांच्या कर्जाचा इतिहास लिहायचा राहिला आहे, असे मला वाटते.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर इंग्रजीत निबंध लिहिला. शेत लहान म्हणून तोट्याचे, हा समज त्यांनी खोडून काढला. शेत किफायतशीर ठरते ते केवळ आकारामुळे नव्हे. जमिनीला भांडवल आणि श्रम यांची योग्य जोड मिळाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. जादा श्रमिकांसाठी त्यांनी उद्योगीकरणाचा मार्ग सांगितला. पण शेतावर उरलेल्या माणसाला भांडवल कोण देणार?

१९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्के निघाला, सावकारांचा सुमारे ७० टक्के. पुढे सोसायट्या वाढल्या. मात्र पीककर्ज सातबारा पाहूनच मिळत राहिले. इथेच आमची अडचण होती. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली, जमिनी फेरबहाल झाल्या, पण हस्तांतरणावर निर्बंध राहिले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे लढे झाले. गायरान कसणाऱ्याच्या हाती नांगर होता, सातबारा नव्हता.

१९९२ मध्ये नाबार्डने ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. दहा-वीस बायकांनी दरमहा थोडे पैसे साठवायचे, आपसांत कर्ज द्यायचे, मग बँकेने गटाला विनातारण कर्ज द्यायचे, अशी ही रीत. बियाण्याची पिशवी, दोन शेळ्या, फवारणीचा पंप एवढ्यासाठी मोठ्या शेतकऱ्याच्या दारी उभे राहण्याची गरज त्यामुळे कमी होते. पेरणीच्या तोंडावर उचल घेऊन पुढच्या मजुरीचा भाव आधीच गमवावा लागत नाही. माझ्या मते या कर्जाचे खरे मोल इथे आहे.

परंतु लहान कर्ज म्हणजे आपोआप मुक्ती नव्हे. खरिपाचे पीक चार महिन्यांनी हाती येते आणि कंपनीचा हप्ता आठवड्याला दारात उभा राहतो. मग तो मजुरीतून जातो, नाहीतर दुसऱ्या कर्जातून. २०१० साली आंध्र प्रदेशात एकेका घरावर अनेक कंपन्यांची कर्जे चढली, वसुलीचा जाच झाला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला. जुन्या सावकाराजवळ चोपडी होती. इथे गटातल्या शेजारणींनाच एकमेकींवर पहारा करायला लावले गेले.

म्हणून गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी गटांची संख्या मोजून थांबू नये. हप्ता पिकाच्या हंगामाला जुळतो का, व्याज किती, आणि कर्ज जिच्या नावावर आहे तिच्या नावावर जमीन आहे का, हे विचारावे. पतीचा हक्क मिळाला तरी जमिनीचा हक्क बाकी राहतोच. तो लढा कर्जाच्या हप्त्यात फिटणारा नाही.