शिमग्यात कुणी पालक लावतं का?



मागे एकदा फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या गटाला भाजीच्या बियांची पाकिटं मिळाली. कुणी दिली ते राहू द्या, देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पालक, मुळा, गाजर, गोबी. आम्ही वाफे केले, पेरलं आणि दोन महिने हापशावरून घागरी वाहिल्या. पालक हाताएवढाही झाला नाही, तोच त्याला तुरे आले. मुळा जून निघाला. गोबीला नुसती पानंच पानं. शेजारच्या आजी ओसरीवर बसून रोज बघायच्या. शेवटी म्हणाल्या, "शिमग्यात कुणी पालक लावतं का गं?"

तेव्हा आम्हाला रागच आला. मग वाटलं, जे आजींना न वाचता ठाऊक, ते आमच्या दहाजणींत एकीलाही कसं माहीत नाही? म्हणून आज परसबागेच्या वेळापत्रकाचा इतिहास सांगते.

थंड मुलखात बर्फ पडतो, तेव्हा बाग झोपते आणि वसंतात, मार्च-एप्रिलला पेरणी होते. आपल्याकडे बाग झोपते ती उन्हाळ्यात. मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आपली गंगासुद्धा आटते. म्हणून आपल्या परसाचं वर्ष मृगापासून सुरू व्हायचं.

मृगापासूनच का, ज्येष्ठापासून का नाही? कारण आपले महिने चंद्राचे. अधिक महिना आला की सण पुढे सरकतात. २०२२ साली ऋषिपंचमी १ सप्टेंबरला होती, २०२३ला अधिक श्रावण आला आणि ती २० सप्टेंबरला गेली. पण पावसाची नक्षत्रं सूर्यावर मोजतात, तेरा-चौदा दिवसांचं एकेक. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतं. म्हणून उपास-तापास तिथीनं आणि पेरणी नक्षत्रानं, अशी दोन कॅलेंडरं आपल्या आज्या एकाच डोक्यात ठेवायच्या. हे काही साधं काम नव्हे, पण त्याला कुणी विद्या म्हटलं नाही.

आता ऋषिपंचमीच घ्या. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. मग खायचं काय? हातानं खुरपून परसात पिकवलेलं. माठ, अळू, दोडका, पडवळ, भेंडी, काशीफळ, मक्याचं कणीस. मृगात टोचलेला दोडका साठ-पासष्ट दिवसांत वेलावर लोंबतो, म्हणजे पंचमीपर्यंत तो हाताशी येतोच. मला तर ही भाजी पावसाळी परसाची परीक्षाच वाटते. ज्या घरची भाजी त्या दिवशी विकत आणावी लागली, त्या घरचं मृग चुकलं! हिवाळ्याची परीक्षा भोगीला. वांगी, गाजर, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, सगळं एका भांड्यात. भोगीनंतर मात्र नवीन फारसं लावायचं नाही. ऊन तापलं की गवार वाळवायची, सांडगे घालायचे. न्हाणीच्या पाण्यावर जगेल तेवढं अळू ठेवायचं आणि सावलीला तांदुळजा, घोळ. बाकी वाफे मोकळे. शेजारच्या लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आठवा, म्हणजे वाफे मोकळे का ठेवायचे ते कळेल. पाणी डोक्यावरून कोण वाहतं, हे बियांच्या पाकिटावर छापलेलं नसतं.

हा धडा इंग्रजांनाही गिरवावा लागला. त्यांच्या घरची बागेची पुस्तकं इथं चालेनात. गेल्याच्या गेल्या शतकात पुण्याच्या गणेशखिंड बागेचे अधीक्षक वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर वेगळं पुस्तकच लिहिलं. विलायती भाज्या इथं वसंतात नाही, पाऊस ओसरल्यावर थंडीच्या तोंडाशी पेरायच्या.

गोबीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. फुलगोबीचं बी १८२२ साली विलायतेहून उत्तरेतल्या सहारनपूरच्या कंपनी बागेत आलं. थंडीचं पीक ते. पण तिकडच्या शेतकऱ्यांनी जे झाड उकाड्यातही गड्डा धरील, त्याचंच बी राखलं. वर्षानुवर्षं हेच केलं. १९२९पर्यंत बनारस आणि पाटण्याच्या नावाच्या गोब्या बियाण्यांच्या यादीत आल्या. या देशी लवकरच्या गोबीला २० ते २७ अंशांतही गड्डा धरतो. विलायती स्नोबॉल जातीला १० ते १६ अंश लागतात. म्हणजे त्यांनी वेळापत्रक तर बदललंच, बीसुद्धा बदललं.

आपल्या जिल्ह्यातही असं काम झालं आहे. १९७२च्या दुष्काळाच्या वर्षीच परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झालं. भेंडीची पानं पिवळी पडतात तो रोग पांढरी माशी पसरवते. त्याला दाद न देणारी 'परभणी क्रांती' भेंडी ऐंशीच्या दशकात याच विद्यापीठानं काढली. ती संकरित वाण नव्हे, तिचं बी घरी धरता येतं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मृग तरी पहिल्यासारखं कुठं राहिलं? खरं आहे. कधी कोरडंच जातं, कधी सगळा पाऊस दोन दिवसांत. म्हणून आमच्या गटानं थोडा बदल केला आहे. दोडका, कारलं, काशीफळ यांचं बी रोहिणीतच करवंटीत, नाहीतर फुटक्या मडक्यात टोचायचं, भांडी धुतलेल्या पाण्यावर जगवायचं आणि जमीन चांगली भिजली की मुळं न हलवता मातीसकट वाफ्यात ठेवायचं. मेथी-पालक पूर्वी हस्तात पेरायचे. आता ऑक्टोबरची तलखी लांबते, म्हणून अर्धं बी चित्रात, अर्धं स्वातीत. एक गेलं तर दुसरं हाती लागतं. गवार आणि भेंडी उन्हाळ्यासाठी लावायचीच असेल तर जानेवारीच्या शेवटी, तीही दोन ओळी, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर.

आणि भेंडीच्या प्रत्येक वाफ्यातलं एक निरोगी झाड आम्ही बियांसाठी सोडतो. त्याला लाल चिंधी बांधतो, म्हणजे पोरं तोडत नाहीत. शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या, तडकायच्या आत काढायच्या आणि बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं. यंदा गाडग्यावर चिठ्ठी लावली आहे, कोणत्या नक्षत्रात पेरलं त्याची. ती आजींनीच सांगून लिहून घेतली.