महागाईचा रोखा आणि कडक भाकरी

सोलापूर म्हटलं की लोकांना चादरी आठवतात. पण महागाई मोजण्याच्या कामातही आपलं गाव जुनं आहे. १९२०च्या दशकात मुंबई सरकारच्या मजूर खात्याने इथल्या गिरणी कामगारांचा घरखर्च तपासला. धान्य, सरपण, कापड, घरभाडं सगळं लिहून घेतलं आणि १९२७-२८चे भाव १०० धरून सोलापूरचा निर्देशांक सुरू केला. पुढे कामगारांचा महागाई भत्ता अशाच आकड्यांवर ठरू लागला. माझ्या पेन्शनवरही तो भत्ता मिळतो. मात्र बचतीला असा भत्ता कोण देणार?

सरकारने तसे प्रयत्न केले. १९९७च्या डिसेंबरात पाच वर्षांचे रोखे आले. त्यात मुद्दल घाऊक भावांबरोबर वाढायचं, व्याज मात्र ठरलेलं ६ टक्के. तेव्हा महागाई उतरलेली होती, फारसं कोणी फिरकलं नाही. मग २३ डिसेंबर २०१३ला खास सामान्य माणसासाठी दहा वर्षांचा रोखा आला. दीड टक्का ठरलेला आणि त्यावर किरकोळ महागाईचा जो दर असेल तो. कमीत कमी ५,००० रुपये. व्याज मुद्दलात जमा होऊन शेवटी एकदम हातात. नोव्हेंबरात महागाई ११ टक्क्यांवर गेली होती, तरीही लोक आले नाहीत. ३१ मार्च २०१४ला विक्री बंद झाली.

त्या फेब्रुवारीत वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, ते महागाईचं सरकारी कागद घेऊ का?" कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकून त्यांनी दोन लाख साठवले होते. पेन्शन नाही. मी मास्तरी थाटात म्हणालो, "बँक सव्वानऊ देते आहे, कशाला ती भानगड?" पाच वर्षांची ठेव केली.

हिशेब साधा होता. सव्वानऊतून दीड वजा केला की पावणेआठ. दहा वर्षांत महागाई सरासरी पावणेआठच्या वर राहील असं वाटत असेल तर रोखा, नाहीतर ठेव. महागाई उतरली, जून २०१७मध्ये तर ती दीड टक्क्यांवर आली. २०१९ला ठेवीचं नूतनीकरण सातच्या आसपास झालं आणि एप्रिल २०२२मध्ये महागाई पावणेआठवर गेली. तेव्हा मात्र मला झोप लागेना. तरी दहा वर्षांचा हिशेब धरला तर ठेवच पुढे राहिली.

म्हणजे माझा सल्ला बरोबर ठरला. पण हा हिशेब मी तेव्हा मांडलाच नव्हता, नंतर मांडला. शिवाय अंदाज चुकला असता तर मला भत्त्याचा आधार होता, वहिनींना कशाचा? पैज मी लावली, पैसे त्यांचे होते. रोखा कधी घ्यावा याआधी तो कोणाला हवा, हे विचारायला हवं होतं. निम्मे इकडे, निम्मे तिकडे, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

त्यानंतर घरगुती बचतीसाठी तसा रोखा आलेला नाही. वहिनी अजून भाकरी करतात. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, म्हणून इथे मीच काढला.