बत्तीस पुतळ्या, चार दरवेश आणि गणिताचा एक मास्तर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसंच्या तसं. रेकॉर्डिंगमध्ये मधेच ट्रॅक्टर गेलेला ऐकू येईल, त्याला इलाज नाही. विष्णुपुरीत घराच्या मागच्या खोलीत बसून मी हे करतो आणि ऊसाचे दिवस आहेत.

आजचा विषय माझ्या मामाच्या पोरामुळे सुचला. तो लातूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. कोडिंग माझ्यापेक्षा बरं करतो, हे मी खोटं सांगत नाही. पण गेल्या वर्षी एका कंपनीच्या इंटरव्ह्यूत त्याला विचारलं, तुझ्या प्रोजेक्टबद्दल इंग्रजीत सांग. दोन मिनिटं तो गप्प बसला. मला फोन करून म्हणला, "दादा, सगळं येत होतं रे, तोंडातून निघंना."

मी त्याला म्हणलं, रोज रात्री अर्धा तास फोनवर बसू, एक पुस्तक वाचू. पुस्तक निवडलं ऑझच्या जादूगाराचं, एल. फ्रँक बॉमचं, १९०० साली आलेलं. कॉपीराइट संपलाय, फुकट मिळतं, चोवीस छोटी प्रकरणं आहेत. पहिल्याच रात्री तो वैतागला. "लेकरायचं पुस्तक वाचून नौकरी लागती का? मला बोलायला शिकव. जादूगार कायला पाहिजे मला?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते शोधायला गेलो आणि थेट कलकत्त्याला पोचलो, सन १८०० मध्ये.

त्या वर्षी गव्हर्नर जनरल वेलस्लीने तिथे फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. कंपनीच्या नोकरीत विलायतेहून सोळा-अठरा वर्षांची पोरं यायची आणि त्यांच्यावर जिल्हे सोपवले जायचे. रयत काय बोलते ते त्यांना कळत नसे. म्हणून आधी भाषा शिका, मग कारभार करा, असा बेत. संस्कृत, बंगाली आणि पुढे मराठी शिकवायला नेमला विल्यम कॅरी. हा माणूस इंग्लंडात चपला-बूट शिवायचा, मग मिशनरी झाला आणि कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या गावात, छापखाना टाकून बसला.

कॅरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. इथवर सगळं आपल्या अपेक्षेप्रमाणे. पण व्याकरण झालं, कोश झाला, आता पोरांना वाचायला काय द्यायचं? मराठीत लिहिलेलं पुष्कळ होतं, पण ओव्या, अभंग, पोवाडे आणि बखरी. पहिल्या वर्षाच्या साहेबाला ज्ञानेश्वरी देता येत नाही. मग कॅरीने वैजनाथ नावाच्या मराठी पंडिताला कामाला लावलं आणि १८१४ साली श्रीरामपूरहून एक मराठी पुस्तक छापून निघालं, मोडी लिपीत. सिंहासन बत्तिशी. पुढच्या वर्षी हितोपदेश.

आता तारीख बघा. पेशवाई बुडायला अजून चार वर्षं होती. पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर आहे, आणि तिकडे बंगालमध्ये इंग्रजांची पोरं मोडीत भोजराजाची गोष्ट वाचून मराठी शिकतायत! छापील मराठी गद्याची अगदी सुरुवातीची पुस्तकं अशी परक्यांच्या गृहपाठासाठी तयार झाली. (तंजावरला सरफोजी राजांनी त्याच्या आधीच इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या होत्या. तो वेगळा आणि फार गोड किस्सा आहे, त्यावर एक भाग करायचाय.) याचा राग धरावा की कौतुक करावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. गोष्ट आपली, पंडित आपला, आणि वाचून शिकणारा उद्याचा कलेक्टर.

पण कॅरीची निवड मात्र मला इंजिनिअर म्हणून पटते. सिंहासन बत्तिशीची रचना आठवा. भोजराजाला विक्रमाचं सिंहासन सापडतं. तो बसायला जातो, तर सिंहासनाची पुतळी बोलायला लागते. थांब, विक्रमासारखा दानशूर असशील तर बस. मग ती विक्रमाची एक गोष्ट सांगते. राजा मागे सरतो, पुन्हा येतो. दुसरी पुतळी, तोच अडथळा, नवी गोष्ट. असं बत्तीस वेळा. भाषा शिकणाऱ्याच्या दृष्टीने बघितलं तर चौकटीची तीच वाक्यं, तीच क्रियापदं, तेच प्रश्न बत्तीस वेळा डोळ्यांखालून जातात आणि कंटाळा येत नाही, कारण मधली गोष्ट दर वेळी वेगळी. आज मोबाईलवर शब्द पाठ करायची जी ॲप्स आहेत, ती हेच करतात, फक्त त्यांच्यात पुतळ्या नाहीत.

ऑझमध्येही तेच आहे, आणि हे मला मामाच्या पोरासोबत वाचताना लक्षात आलं. डोरोथीला आधी बुजगावणं भेटतं, त्याला मेंदू हवाय. मग टिनचा लाकूडतोड्या, त्याला हृदय हवंय. मग सिंह, त्याला धीर हवाय. तिन्ही वेळा जवळजवळ तेच बोलणं. तू कोण, कुठे चाललीस, तो जादूगार मला हे देईल का, मी येऊ का सोबत. पुढे चौघं एकेक करून जादूगारासमोर उभी राहतात आणि पुन्हा चार वेळा तीच मागणी. प्रश्न विचारणं, विनंती करणं, कारण सांगणं. इंटरव्ह्यूत दुसरं काय असतं?

आता जरा घरचं सांगतो, कारण या कॉलेजचा धागा आमच्या घरापर्यंत येतो हे मला ठाऊकच नव्हतं.

आमचे आजोबा १९३४चे. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात. घरात मराठी, आणि माध्यमिक शाळेत गेलं की उर्दू. उस्मानिया विद्यापीठसुद्धा १९१८ पासून उर्दू माध्यमाचं. आपण आज इंग्रजीचं ओझं म्हणतो, तसं मराठवाड्यातल्या पोरांवर ते उर्दूचं होतं. गणित उर्दूत, इतिहास उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा आजोबा सातवीत होते. म्हणजे कष्टाने एक परकी भाषा हाताशी आली आणि तेवढ्यात राज्यच बदललं.

पण त्यांचं उर्दू शेवटपर्यंत गेलं नाही. लाईट गेली की ते आम्हाला ओसरीवर एक किस्सा सांगायचे. आझादबख्त नावाचा बादशहा, त्याला मूल नाही. एका रात्री तो वेष पालटून कब्रस्तानात जातो, तर दिव्याच्या उजेडात चार फकीर बसलेले. ते एकेक करून आपली कहाणी सांगायला लागतात. आजोबा सांगायचे, त्यांचे मौलवीसाहेब गुरुवारी शेवटच्या तासाला हा किस्सा वाचून दाखवायचे आणि नेमका गोष्टीच्या ऐन मोक्यावर तास संपायचा. दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी. "दोन रात्री झोप यायची नाही," म्हणायचे. "मग मीच अक्षरं जुळवून पुढलं वाचायला शिकलो."

हा किस्सा म्हणजे 'बाग-ओ-बहार'. आणि हे पुस्तक कुठे तयार झालं? फोर्ट विल्यम कॉलेजात! दिल्लीच्या मीर अम्मनने जॉन गिलख्रिस्टच्या हाताखाली, जुन्या फारसी किश्शावरून, साध्या बोलीत लिहिलं. १८०४ साली छापलं. साहेब लोकांना हिंदुस्थानी शिकवायला. पुढे डंकन फोर्ब्जने शब्दसंग्रह जोडून त्याची आवृत्ती काढली, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या भाषेच्या परीक्षांना ते पुस्तक कितीतरी वर्षं लावलेलं होतं.

म्हणजे विलायतेच्या पोरांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकातली गोष्ट फिरत फिरत कंधार तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या पोरापर्यंत आली, आणि त्यालाही तिनेच उर्दू शिकवलं. आजोबा असते तर त्यांना हे सांगितलं असतं. ते २०१६ मध्ये गेले.

मामाच्या पोराला मी हे सांगितलं. त्याला आजोबांचा भाग आवडला, पण शंका कायम. "ते जुन्या काळचं. इंजिनिअर माणूस असं शिकलाय का कुणी?"

शिकलाय. अलेक्झांडर वोल्कोव. मॉस्कोच्या अलोह धातू आणि सुवर्ण संस्थेत हा उच्च गणित शिकवायचा. एकोणीसशे तीसच्या दशकात, पंचेचाळिशीच्या आसपास, त्याला इंग्रजी शिकायची लहर आली आणि सरावाला हातात पडलं तेच पुस्तक, ऑझचा जादूगार. पुस्तक इतकं आवडलं की त्याने घरच्या पोरांना गोष्ट सांगितली आणि मग सगळं रशियनमध्ये उतरवून काढलं. उतरवताना हात सैल सोडला. डोरोथीची एली केली, कुत्र्याला बोलतं केलं, चक्रीवादळ नुसतं येत नाही तर एक चेटकीण ते पाठवते असं केलं, नवे प्रसंग घुसवले. १९३९ साली ते पुस्तक 'पाचूनगरीचा जादूगार' अशा अर्थाच्या नावाने निघालं. १९५९ मध्ये लिओनिद व्लादिमिर्स्कीची चित्रं असलेली आवृत्ती आली आणि सोव्हिएत पोरांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. वोल्कोवने नंतर पुढचे भागही स्वतःच्या मनाने लिहिले. गणिताच्या मास्तराने केलेला इंग्रजीचा गृहपाठ, त्याचं हे झालं.

रशियन लोकांचं या बाबतीत आणखी एक ऐकण्यासारखं आहे. इल्या फ्रांक नावाच्या भाषाशिक्षकाची एक वाचनपद्धत तिकडे प्रसिद्ध आहे. पुस्तकातला परिच्छेद आधी वाक्यावाक्याला रशियन अर्थ देऊन छापायचा, आणि लगेच खाली तोच परिच्छेद नुसत्या इंग्रजीत. व्यायाम नाही, गाळलेल्या जागा नाहीत. आधी काठी घेऊन चाला, मग तेवढंच अंतर काठीशिवाय. आम्ही फोनवर हेच करतो. मी एक परिच्छेद वाचतो आणि मराठीत सांगतो, मग तो एकटा वाचतो. शब्दकोश उघडायचा नाही हा नियम.

याच्या शेजारी आपली परंपरा ठेवून बघा. वडिलांच्या कपाटात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला अजून आहे, कडा खाल्लेली. एकेकाळी मराठी घरात पंचांगाइतकी ती असायची आणि तिने कित्येकांना कारकुनी मिळवून दिली, तिला नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण तिच्यातल्या एका वाक्याचा पुढच्याशी संबंध नसतो. शेजाऱ्याचा घोडा, माळ्याचा मुलगा, राजाचं सैन्य, सगळे एका पानावर येतात आणि कुणालाच पुढे काय झालं ते कळत नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, मी त्याच लाटेतला. पहिलीपासून बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजी शिकलो आणि बारावीच्या सुट्टीपर्यंत एकही इंग्रजी पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, वाचलेलं नव्हतं. धडा म्हणजे पुस्तकाचा कापलेला तुकडा आणि खाली प्रश्न. ती चूक कुणा एकाची नाही, माझीही आहे. ग्रंथालय होतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला पाहिजे. मामाच्या पोराचा मुद्दा सगळा चुकीचा नाही. वोल्कोवला वाचायचं होतं, इंटरव्ह्यू द्यायचा नव्हता. वाचून तोंड आपोआप उघडत नाही. हे कॅरीलाही ठाऊक होतं, म्हणून त्याने मराठी व्याकरणाच्या पुस्तकाला रोजच्या व्यवहारातले संवाद जोडले होते. त्यामुळे आम्ही शेवटची दहा मिनिटं वाढवली. वाचून झालं की फोन ठेवायच्या आधी त्याने आजचं प्रकरण मला इंग्रजीत सांगायचं. चुका काढायच्या नाहीत, मी फक्त विचारायचं, मग पुढे? वेताळपंचविशीत विक्रमाने तोंड उघडलं की वेताळ निसटतो. आमच्या पोरांचं उलटं, तोंड उघडलं नाही की नोकरी निसटते.

पहिला आठवडा भयंकर गेला. तो एक वाक्य बोलायचा आणि "जाऊ दे दादा" म्हणायचा. तिसऱ्या आठवड्यात सिंहाचं प्रकरण त्याने चार मिनिटं सांगितलं. काळांची पार खिचडी होती, पण थांबला नाही. लाकूडतोड्याचं हृदय खरंतर आधीपासूनच होतं की, यावर माझ्याशी भांडला, तेही अर्धं इंग्रजीत.

पुढच्या महिन्यात त्याच्या कॉलेजात दोन कंपन्या येतायत. काय होईल ते मी इथे सांगेनच.

परवा आम्ही बारावं प्रकरण संपवलं आणि फोन ठेवला. सकाळी उठून बघतो तर रात्री १ वाजून ४० मिनिटांनी त्याचा मेसेज. कुणी न सांगता तीन प्रकरणं पुढे वाचून बसला होता, पडदा पडतो आणि जादूगाराचं खरं रूप उघडं होतं तिथपर्यंत. लिहिलं होतं, "दादा हंबग म्हंजे काय? नको सांगू, कळालं. हा बाबा तर फेकू निघाला. आता ती घरी कशी जाणार?"